स्कोपची उभी रेघ ओळंब्याला लावताना: एअर रायफलच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळीची सुट्टी संपली, उद्यापासून परत ड्युटी. आज शेतात जे दिसलं ते आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या रविवारपर्यंत आकडे डोक्यातून जातात.

आधी सामान काय आहे ते. रायफल साधी ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मधे मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगवाली, .१७७ म्हणजे ४.५ मिमी, २० ज्यूलच्या आतली त्यामुळे लायसन्स लागत नाही. वर ३-९×४० चा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, १ इंचाची ट्यूब, पुढच्या भिंगाला एओ रिंग, म्हणजे अंतराप्रमाणे फोकस जुळवायची कडी, आहे जी जवळात जवळ १० यार्डावर फोकस करते, आत मिलडॉट रेटिकल, म्हणजे रेघांवर डॉट असलेलं अधिकचं चिन्ह, दोन डॉटमध्ये एक मिल, मीटरमागे एक मिमी. छर्रा ८.४ ग्रेनचा. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून ४५ मिमी वर. जागा म्हणजे गडहिंग्लजजवळचं आमचं शेत, जुन्या गोठ्याची जाड दगडी भिंत, तिच्यापुढे वाळूची पोती दोन थरांत लावलेली आणि मागे टेकाड. २५ मीटर आणि ५० मीटर टेपने मोजून दोन खुंट्या ठोकल्यात. नेम फक्त कागदावर. शिकारीचा विषयच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद आहे आणि मला त्यात रसही नाही.

अडचण अशी की २५ मीटरला झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागायची जुळणी, अगदी बरोबर बसलाय, दहा छर्रे टाकले तर सगळे पंधरा मिमीच्या आत आणि मध्य बरोबर कागदावरच्या टिंबावर. तीच रायफल ५० मीटरवर नेली, अडीच मिल खालचा भाग टिंबावर धरला, तर उंची जमते पण ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, डावीकडे जातो. आधी वाटलं वारं असेल. म्हणून आज पहाटे साडेसहाला गेलो, उसाचं पान हलत नव्हतं, तिथे दहा-दहाचे तीन ग्रुप घेतले. प्रत्येक छिद्राचं उभ्या रेघेपासून अंतर मोजून सरासरी काढली तर १२, १५ आणि १३ मिमी डावीकडे. ५० मीटरवर माझा ग्रुपच पस्तीस-चाळीस मिमीचा असतो म्हणून एकेका छर्‍यावर विश्वास ठेवता येत नाही, पण तीस छर्‍यांची सरासरी एकाच बाजूला जात असेल तर ते काहीतरी सांगतंय.

थोरली सोबत होती. नळी मोडून उघडी ठेवली आणि तिला नुसतं स्कोपमधून बघायला दिलं. लांबवर शेजाऱ्यांच्या बंगल्याचा कोपरा दिसतो, तो बघून ती म्हणाली, "बाबा, यातलं अधिकचं चिन्ह तिरकं आहे." मी परत बघितलं. मला सरळच दिसलं. तिला तिरकं दिसतं आणि मला सरळ, इथेच डोकं अडकलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार रात्री

आज नुसता हिशोब केला, कागदावर.

छर्रा नळीतून सुटला की लगेच पडायला लागतो. नळी ज्या रेषेत बघते त्या रेषेपासून माझा छर्रा २५ मीटरपर्यंत साधारण ६ सेंटीमीटर पडतो आणि ५० मीटरपर्यंत साधारण २९ सेंटीमीटर, कारण वेग सुरुवातीला सेकंदाला २४५ मीटरच्या आसपास असला तरी हवेत तो भराभर कमी होतो. हे पडणं भरून काढायला नळी थोडी वर बघत असते, स्कोपच्या मानाने. आता रायफल डावीकडे कलली तर नळीचं ते "वर" बघणंसुद्धा डावीकडे कलतं, पण पृथ्वी छर्‍याला ओढते ती सरळ खालीच. म्हणजे भरपाईचा थोडा भाग आडवा वाया जातो आणि छर्रा कललेल्या बाजूला जातो, शिवाय जरासा खालीही, पण ते खाली जाणं इतकं कमी की कळत नाही.

आडवी चूक म्हणजे पडण्याचं अंतर गुणिले कोनाची साइन. १ अंशाची साइन ०.०१७५. म्हणजे ५० मीटरवर अंशाला ५ मिमी, २५ मीटरवर अंशाला १ मिमी. २५ वर हे कधी लक्षातच येणार नाही, आणि आलं तरी मी विंडेजच्या टरेटवर, म्हणजे नेम डावीउजवीकडे सरकवायच्या चकतीवर, एक क्लिक फिरवून मोकळा होणार, पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक २५ मीटरला १.८ मिमी सरकवतो. म्हणजे मी कललेल्या रायफलनेच झिरो केला आणि चूक झाकली गेली, ५० वर जी उरली ती आता दिसते: २५ ला झाकलेला १ मिमी तिथे २ होतो, म्हणून ५ पैकी अंशाला ३ मिमी उरतात.

उलटा हिशोब केला तर १३ मिमी यायला रेटिकल ओळंब्यापासून ४ ते ५ अंश कललेलं पाहिजे. ५ अंश म्हणजे घड्याळातल्या एका मिनिटाच्या खुणेपेक्षाही कमी, ती ६ अंशांची असते. तरी एवढं कललेलं मला दिसलं नसेल, हे पटत नाहीये.

१ नोव्हेंबर, शनिवार

आबांनी सकाळी गवंडीकाकांना निरोप दिला होता. ते ओळंबा आणि दोन फुटी लेव्हल पट्टी घेऊनच आले. मी म्हटलं, "काका, ही पट्टी दोन दिवस राहू दे की माझ्याकडं." तर म्हणाले, "ठेव की, पर सोमवारी स्लॅबचं काम हाय, रविवारी रात्री घरी आणून दे."

पट्टीचा बुडबुडा आधी तपासला. फरशीवर ठेवायची, बुडबुडा कुठे थांबतो ते पेन्सिलने टिपायचं, मग पट्टी जागच्या जागी उलटी फिरवायची, डावं टोक उजवीकडे. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला तेवढाच थांबला तर पट्टी खरी, फरशी कशीही असो. काकांची पट्टी खरी निघाली. मी ऑनलाइन मागवलेली स्कोपवर लावायची छोटी बबल लेव्हल आहे ती याच पद्धतीने बघितली तर फिरवल्यावर बुडबुडा जवळजवळ अर्धी खूण सरकला. त्या लेव्हलच्या रेघांवर भरवसा नाही, पण ती फेकायची नाही, तिचं काम पुढे येणार आहे.

ओळंबा २५ मीटरवर आंब्याच्या फांदीला टांगला. पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोष्टी चुकल्या. एक म्हणजे दोरी हलते, अगदी वारं नसताना पण हलते. त्यावर काका म्हणाले, "बादलीत पानी घाल, वजन त्यात बुडंव, मग हलायचा न्हाई." तसंच झालं, वीस सेकंदांत स्थिर. दुसरी चूक माझी, दोरी उठून दिसावी म्हणून मागे काळं कापड लावलं आणि स्कोपमधून बघितलं तर क्रॉसहेअरच गायब, काळ्यावर काळी रेघ कशी दिसणार. मग आईची जुनी पांढरी चादर टांगली आणि पांढऱ्या दोरीऐवजी लाल दोरा वापरला. लालवर काळी रेघ सरकताना अगदी स्पष्ट दिसते.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, नळी रिकामी, स्प्रिंग ओढलेली नाही, दोनदा बघितलं. आता रायफल स्वतः सरळ आहे हे कशावरून ठरवायचं? वर स्कोपची पकड जिच्यावर बसते ती डोवटेलची ११ मिमी रुंद बैठक आहे, तिच्यावर स्टीलची छोटी पट्टी आडवी टाकली आणि तिच्यावर लेव्हल. हे दिसायला सोपं आहे पण ११ मिमीवर ०.१ मिमीचा कचरा किंवा रंगाचा पापुद्रा असला तरी अर्धा अंश जातो. पेट्रोलने पुसून तीन वेळा ठेवली, तीन वेगळी उत्तरं आली, मधलं धरलं.

मग स्कोपमधून बघितलं, ९ वर म्हणजे नऊपट मोठं करून, कारण माझ्या स्कोपचे मिलडॉट ९ वरच खरे मोजतात. रेटिकलचा मध्य लाल दोऱ्यावर आणला. उभी रेघ खाली खाली दोऱ्यापासून सुटत जाते आणि चौथ्या डॉटपाशी, म्हणजे २५ मीटरवर मध्यापासून १० सेंटीमीटर खाली, दोरा आणि डॉट यात साडेतीन मिमी. थोरलीने दोऱ्यामागे मिलिमीटरचा कागद धरला होता त्यावर मी वाचलं. १०० ला साडेतीन म्हणजे २ अंश. स्कोप त्याला धरणाऱ्या रिंगांमध्ये डावीकडे २ अंश फिरलेला आहे, अर्धा अंश इकडेतिकडे.

थोरलीचं खरं होतं. पण ४-५ अंशांपैकी २ च सापडलेत.

२ नोव्हेंबर, रविवार

रिंगा उघडल्या. स्कोप फिरला कसा याचं उत्तर स्क्रूंमध्येच होतं. मी आठ महिन्यांपूर्वी लावताना एका बाजूचे सगळे स्क्रू आधी पूर्ण आवळले होते, वरच्या टोपीची एक बाजू खाली बसली आणि दुसरी उघडी राहिली, तशी टोपी ट्यूबला घेऊन फिरते. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर रेटिकल दोऱ्यावर लावा आणि डोळा स्कोपला ठेवून एकच स्क्रू आवळा, रेघ डोळ्यासमोर सरकताना दिसते. आज ते बघितलं तेव्हा बरं वाटलं, कारण आता कारण माहीत आहे.

नवीन क्रम असा ठेवला. चारही कोपरे बोटाने लागतील तेवढे. मग तिरपे, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा, प्रत्येक वेळी एलन कीचा आठवा हिस्सा. दर फेरीला दोऱ्याकडे बघायचं. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत, मी त्यात पोस्टकार्डाचे तुकडे घालून बघत होतो. शेवटचं आवळणं २ न्यूटन मीटर, सायकल दुरुस्तीवाल्या मित्राकडून छोटा टॉर्क रेंच आणला होता. जास्त आवळलं की ट्यूब दबते आणि आतला भाग जाम होतो, कमी आवळलं की स्प्रिंगच्या रायफलवर स्कोप सरकतो.

हे सरकणं साध्या धक्क्याने होत नाही. स्प्रिंग सुटते तेव्हा पिस्टन पुढे धावतो म्हणून रायफल मागे येते, आणि लगेच पिस्टन टोकाला आपटतो तेव्हा रायफल पुढे फेकली जाते. दोन्ही दिशांचा धक्का एका क्षणात. म्हणून मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपसुद्धा स्प्रिंगच्या एअर रायफलवर खराब होऊ शकतो, घेताना एअरगनसाठीचाच घ्यावा. आणि माउंटची, म्हणजे रिंगांच्या पायाची, खालची पिन डोवटेलवरच्या छिद्रात बसवायलाच हवी. माझी पिन बसलेली होती.

डोळ्याचं अंतर बघून घेतलं, गाल लाकडावर टेकवला की पूर्ण गोल दिसतो, सुमारे ८ सेंटीमीटर. पट्टी काकांना रात्री परत दिली.

८ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या वेळची ११ मिमीच्या बैठकीवरची शंका डोक्यातून जात नव्हती. बैठक सरळ आहे म्हणजे नळी बरोबर स्कोपच्या खाली आहे असं थोडंच. ब्रेक बॅरलची नळी दर वेळी मोडते आणि परत बसते, ती बैठकीला अगदी समांतर असेलच असं नाही.

त्यासाठी आरशाची पद्धत केली. हिला ना ओळंबा लागतो ना लेव्हल. कपाटाचा मोठा आरसा सोप्याच्या, म्हणजे बाहेरच्या खोलीच्या, एका टोकाला उभा केला आणि रायफल दुसऱ्या टोकाला टेबलावर, तोंड आरशाकडे. रिकामी, स्प्रिंग न ओढलेली, घरातल्या सगळ्यांना आत पाठवून आणि दाराला कडी घालून. स्कोपमधून आरशात स्वतःच्याच स्कोपचं पुढचं भिंग आणि खाली नळीचं तोंड दिसतं. उभी रेघ भिंगाच्या मध्यातून जाऊन नळीच्या तोंडाच्या मध्यातूनही गेली तर नळी रेटिकलच्या बरोबर खाली आहे.

इथे एका गोष्टीने अर्धा तास घेतला. आरसा अडीच मीटरवर ठेवला होता आणि काही केल्या चित्र स्वच्छ येईना. मग लक्षात आलं की आरशातलं प्रतिबिंब आरशाच्या तेवढंच मागे असतं, म्हणजे मी ५ मीटरवर बघतोय आणि माझा एओ १० यार्डाच्या, ९.१४ मीटरच्या, अलीकडे येतच नाही. स्कोप आरशापासून ४.६ मीटरवर नेला, सोप्यात तेवढी लांबी जेमतेम मिळाली, आणि चित्र चाकूसारखं आलं. पॅरलॅक्सही गेला, डोळा हलवला तरी रेघ सरकत नाही, हे महत्त्वाचं, नाहीतर तुम्ही रेटिकल मोजताय का स्वतःचा डोळा हेच कळत नाही. नळीच्या तोंडावर बाजूने टॉर्च मारावा लागतो.

रेघ नळीच्या मध्यापासून पाऊण मिमी बाजूला गेली. स्कोप आणि नळीमध्ये फक्त ४५ मिमी आहेत म्हणून १ मिमी म्हणजे सव्वा अंश, तर हे जवळपास १ अंश. रिंगा कामापुरत्या ढिल्या केल्या, स्कोप फिरवला, परत तोच तिरपा क्रम, परत टॉर्क. आता रेघ दोन्ही मध्यांतून जाते. तीन वेळा नळी मोडून बसवून बघितली, तिन्ही वेळा तिथेच.

आबा दारात उभे राहून बघत होते. "आरशात काय बघायलाईस रं एवढा येळ?" म्हणाले. त्यांना बोलावून डोळा लावायला दिला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "नळीतनं रेघ मदोमद गेलीया." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, त्यांना ते इतकं स्वच्छ दिसलं याचं मला फार बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पहाटे दोन कामं.

पहिलं, टरेट. टरेट फिरवल्यावर रेटिकल ज्या रेषेत सरकतं ती रेषा आणि रेटिकलची उभी रेघ एकच असतात असं आपण धरून चालतो. परत लाल दोरा टांगला, रायफल पिशव्यांमध्ये घट्ट, उभी रेघ दोऱ्यावर. मग एलिव्हेशन, म्हणजे उंचीचा टरेट, ८० क्लिक फिरवला, म्हणजे २० एमओए, २५ मीटरवर १४५ मिमी. मध्य दोऱ्यावरून सरकत गेला आणि शेवटी दोऱ्यापासून अडीच मिमी बाजूला. म्हणजे माझ्या स्कोपचा टरेट आणि रेटिकल यांच्यात १ अंशाचा फरक आहे, आतच, कारखान्यातून. हा रिंगा फिरवून जाणार नाही.

मग निवड करावी लागते. जो माणूस लांबच्यासाठी टरेट फिरवतो त्याने टरेटची चाल ओळंब्याला लावावी, जो डॉट धरून मारतो त्याने रेघ लावावी. मी डॉटवाला. रेघच लावणार. आणि टरेटच्या टोपीवर लेव्हल ठेवून स्कोप सरळ करायची जी सोपी पद्धत सगळे सांगतात तिच्यात हा फरक कधी दिसत नाही, टोपी टरेटची, रेघ रेटिकलची.

दुसरं, ५० मीटर. २५ वर नव्याने झिरो, मग दहा-दहाचे तीन ग्रुप. ९, ८, १० मिमी डावीकडे. १३ चे ९ झाले. रेटिकल आणि नळी एका रेषेत आहेत हे काल डोळ्यांनी बघितलंय, तरी ९ मिमी उरले. ३ अंश. आता रायफलमध्ये काही शिल्लक नाही, ते ३ अंश माझ्या खांद्यात आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ती खोटी बबल लेव्हल आज कामाला आली. तिच्या रेघांवर भरवसा नाही, पण रेघा लागतातच कशाला? रेटिकल दोऱ्यावर लावलं, रायफल घट्ट धरली आणि लेव्हल ट्यूबवर अशी फिरवली की बुडबुडा मधे आला, मग आवळली. आता तिचं मध्य म्हणजे ओळंबा. त्याच वेळी फोन टरेटच्या टोपीवर ठेवून त्यातलं कोन मोजायचं ॲप शून्य केलं, टोपी तिरकी असली तरी चालतं कारण पुढचं सगळं या शून्यापासून मोजायचंय.

मग असं केलं. उभं राहून डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, आरामात बसली असं वाटलं की "हं" म्हणायचं. बायको बाजूला उभी राहून फोन बघणार आणि आकडा लिहिणार. मग डोळे उघडून रेटिकल मला सरळ दिसतंय का ते मी सांगणार. समोर फक्त चादर, दोरा काढलेला.

दहा वेळा केलं. डावीकडे ३, ४, २, ३, ३, ४, ३, २, ३, ३. प्रत्येक वेळी मी म्हटलं, सरळ आहे. बुडबुडा दर वेळी उजवीकडे चढलेला, कारण तो उंच बाजूला जातो. डोकं रायफलवर टेकवताना मान जरा झुकते, रायफल तोंडाकडे येते, आणि झुकलेल्या मानेला झुकलेली रेघ सरळच वाटते. थोरलीला तिरकं दिसलं कारण तिने रायफल पिशवीवर असताना नुसता डोळा लावला होता, गाल टेकवलाच नव्हता, आणि समोर बंगल्याचा कोपरा होता.

मग दोरा परत टांगला आणि परत दहा वेळा. दोरा समोर दिसत असला की ० ते १ मध्ये. डोळ्याला समोर एक खरी उभी गोष्ट पाहिजे एवढंच. घराचा कोपरा, विजेचा खांब चालेल असं वाटतं, पण आमच्या बांधावरचा खांब दोऱ्याशी लावून बघितला तर तोच २ अंश कललाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री हीच गोष्ट डोक्यात होती. दोन रस्ते आहेत. रायफल सरळ धरायची सवय लावायची, बुडबुडा बघून. किंवा रायफल माझ्या खांद्यात आरामात ३ अंश कललेली राहू द्यायची आणि रिंगांमध्ये स्कोप ३ अंश उजवीकडे फिरवायचा, म्हणजे रेघ ओळंब्याला येईल.

दुसरा रस्ता ऐकायला चुकीचा वाटतो, आणि आरशासमोर घालवलेली दुपार वाया गेली असंही वाटतं. पण हिशोब बघा. रायफल ३ अंश कलली आणि रेघ ओळंब्यात असली तर नळी स्कोपच्या बरोबर खाली न राहता ४५ मिमी गुणिले ३ अंशांची साइन, म्हणजे २.४ मिमी बाजूला असते. २५ मीटरवर झिरो केला की नळीची रेषा आणि नजरेची रेषा तिथे एकमेकींना कापतात, आणि ५० वर त्या तेवढ्याच, २.४ मिमी, दुसऱ्या बाजूला जातात. यापुढेही ते अंतरासोबत हळूहळू सरळ रेषेत वाढतं. रेघ कललेली असली की मात्र चूक छर्‍याच्या पडण्यासोबत वाढते आणि पडणं लांब गेल्यावर झपाट्याने वाढतं. एकीकडे २.४ मिमी, दुसरीकडे ९. नळी रेटिकलच्या खाली असणं हे छान आहे, पण रेघ ओळंब्यात असणं याच्याशिवाय भागत नाही.

आणि मान ताठ करून रायफल जबरदस्तीने सरळ धरली की दर वेळी वेगळी बसते, ते मी सकाळी करून बघितलं, ग्रुप पंधराचा बावीस मिमी झाला. ऑलिंपिकच्या नेमबाजीत स्कोप चालत नाही, तिथे छिद्राचे साइट असतात, पण रायफल थोडी कलती धरणं तिथेही चालतं, दर वेळी तेवढीच कलली पाहिजे एवढीच अट. आमच्या जिल्ह्यात हे कोणाला शिकवायला नको, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांना गुडघा टेकून, झोपून आणि उभं राहून मारतात हे तोंडपाठ झालं होतं. तिथे १० चं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, ५० मीटरवर. माझे ९ मिमी डावीकडे त्या मापाने बघितले की हातातलं काम किती मोठं आहे ते कळतं.

ठरलं, स्कोप फिरवायचा. पिशव्यांवर रायफल फोनने ३ अंश डावीकडे कलती केली, रिंगा ढिल्या, रेघ लाल दोऱ्यावर, तिरपा क्रम, २ न्यूटन मीटर. बबल लेव्हल परत दोऱ्याशी जुळवली. मग डोळे मिटून दहा वेळा, हिने आकडे लिहिले: ०, १ उजवीकडे, ०, ०, १ डावीकडे, ०, ०, १ डावीकडे, ०, ०.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल दिवसभर वारं, काही मारलं नाही. आज पावणेसातला धुकं हटल्यावर सुरुवात. २५ वर झिरो, विंडेजचे सहा क्लिक फिरवावे लागले. मग ५० वर ग्रुप: ३ डावीकडे, १ उजवीकडे, ४ डावीकडे. सरासरी २ मिमी डावीकडे. कागदावर २.४ आलं होतं. ग्रुप स्वतः छत्तीस मिमीचा आहे तेव्हा २ आणि २.४ चं जुळणं हे काही प्रमाण नाही, पण १३, ९, २ हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि वही तशीच उघडी ठेवून बराच वेळ बसलो.

बुडबुडा बघायची पद्धत ठरवली: गाल टेकवला, श्वास सोडला, दुसऱ्या डोळ्याने एकदा बुडबुडा, मग रेटिकल, मग ट्रिगर. ट्रिगर दाबताना बुडबुड्याकडे बघायचं नाही, रेटिकल हलतं.

३० नोव्हेंबर, रविवार

शंभरावर छर्रे झाल्यावर तपासणी. दोरा टांगला, बुडबुडा मधे, रेघ दोऱ्यावर, चौथ्या डॉटपाशी अर्ध्या मिमीच्या आत. रिंगेच्या कडेला आणि ट्यूबवर मिळून हिच्या नेलपॉलिशची बारीक आडवी रेघ ओढलेली होती, ती तुटलेली नाही, म्हणजे स्कोप फिरला नाही आणि पुढे सरकला नाही. मागच्या रिंगेचा एक स्क्रू जरासा सैल वाटला, रेंचने २ वर आणला. ट्यूबवरची रेघ डिसेंबरअखेर परत बघायची.

शेजारच्या फडात ऊसतोड सुरू झाली आहे, दिवसभर बैलगाड्या आणि माणसं, तेव्हा तो फड मोकळा होईपर्यंत ५० मीटरची बाजू बंद. ओळंब्याचं वजन काकांना परत दिलं, लाल दोरा आंब्यालाच ठेवलाय, खाली वजन म्हणून विहिरीवरच्या मोटरचा जुना नट बांधून.